ई फॉर इलेक्ट्रिक

मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात ‘हजर’ म्हणतानासुद्धा बाकाखाली बघायचे. मग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात सरांनी मला आमच्या शाळेच्या हळद वाळवायच्या पेटीसमोर उभं केलं, कारण जिचं सगळं पाठ होतं ती मिना तापाने पडली होती. परीक्षक आले आणि काय झालं कोण जाणे, मी सुटलेच. एक परीक्षक चहा प्यायला निघाले तर त्यांच्या मागे जाऊन राहिलेलं सांगितलं. दुसरा नंबर आला. त्या दिवशी माझं तोंड जे उघडलं ते अजून मिटलं नाही, असं आई आल्या-गेल्याला सांगते.

तिथेच मला निलम भेटली. शेजारचं टेबल हट्ट्याच्या शाळेचं होतं आणि ती एका पंपापाशी उभी होती, जो चालत नव्हता. तिने माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं, गाव वाचलं, आणि परीक्षकांकडे पाठ करून मलाच विचारायला लागली.

“कुरुंद्याचे खिल्लारे म्हंजे, ग्यानोबा खिल्लारे तुझे कोण?”

“आजोबा.”

“माझ्या आजीचे सख्खे भाऊ हायेत ते. आपन तर बहिणी निघालो की गं.”

आजोबांची एक बहीण हट्ट्याला दिलेली आहे हे मला माहीत होतं. पण आमच्या घरात ‘हट्ट्याची आक्का’ हे शब्द आले की आजोबांना लगेच बाहेरचं काहीतरी काम आठवतं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती अशी: आजोबांची आई ते अगदी लहान असताना गेली. थोरली बहीण सोजरा लग्न होऊन हट्ट्याला निघाली तेव्हा या लेकराला सोबत घेऊन गेली. तिनेच त्याला वाढवलं, तिथल्याच शाळेत घातलं. मग आजोबा आठवीत असताना त्यांच्या हातून दाजींचा, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा, रेडिओ लाइटला लावताना जळला. आजोबा त्याच दिवशी पायी कुरुंद्याला बापाकडे आले ते परत गेलेच नाहीत. याला पन्नास वर्षं होऊन गेली. लग्नाकार्यात बहीण-भाऊ एकाच मांडवात असायचे, पण ती या टोकाला आणि हे त्या टोकाला. दाजी वारले तेव्हा आजोबा मातीला गेले, लांब लिंबाखाली उभे राहिले आणि पाणीही न पिता परत आले.

आमच्याकडे याला ‘रेडिओवरून तुटलं’ म्हणतात. जसं कुणाचं बांधावरून तुटतं, कुणाचं हुंड्यावरून, तसं आमचं रेडिओवरून.

गेल्या हिवाळ्यात आजोबांच्या छातीत दुखलं म्हणून त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथे सलाईन चालू असताना ते पप्पांना म्हणाले होते, “एकडाव आक्काच्या ओट्यावर जाऊन बसायचं व्हतं.” बरे होऊन घरी आले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पप्पांनी जाऊ म्हटलं तर म्हणाले, कोणत्या तोंडानं जाऊ. पण मी ते वाक्य ऐकलं होतं, आणि आता माझा दुसरा नंबर आला होता.

निलम म्हणाली की तो रेडिओ अजून आहे. माळ्यावर, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली. तिच्या आजीने तो ना विकू दिला, ना फेकू दिला, आणि काढून बघूही दिला नाही. मी म्हटलं, “आण. मी दुरुस्त करते.” जसं काही मी पाळण्यात असल्यापासून रेडिओच दुरुस्त करत आले होते. माझा बेत सरळ होता. रेडिओ जळला म्हणून आजोबांना तोंड राहिलं नाही. रेडिओ वाजला की तोंड परत आलं. मग ते घेऊन हट्ट्याला जायचं.

पुढच्या आठवडी बाजाराला निलम आणि तिचे वडील तो पोत्यात घालून आमच्याकडे देऊन गेले; भावाच्या नातीला हवाय म्हटल्यावर आजीनेच काढायला सांगितला, असं निलम म्हणाली. मी अंगणातच पोतं सोडलं. लाकडी खोकं, पेटीएवढं, पुढे कापड फाटलेलं, आत उंदरांनी केलेलं बिऱ्हाड. आजोबा बाजेवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी एकदा बघितलं, हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या आणि चपला न घालताच शेताकडे निघाले.

मी रेडिओ सायकलला बांधून कय्युम चाचांकडे नेला. चाचांचं दुकान बाजारपट्टीत. पाटी अजून ‘रेडिओ-टीव्ही’ची आहे, पण आत मोबाइलची कव्हरं लोंबतात, कारण दुकान आता त्यांचा मुलगा कामरान बघतो. चाचांना कोपऱ्यात एक टेबल ठेवलंय, तिथे ते मिक्सर, इस्त्र्या आणि कधीमधी एखादा म्हातारा टीव्ही बरा करतात.

“दुसरा नंबर आलेली तूच ना?” त्यांनी विचारलं. “पयला आला असता तर फुकट करून देलं असतं.”

त्यांनी खोकं फिरवून बघितलं. मागचं झाकण नव्हतं. पुढे कंपनीच्या नावाची पट्टी होती तिथे नुसती खिळ्यांची दोन छिद्रं. आत बोटाएवढ्या काचेच्या चार नळ्या, ज्यांना चाचा वॉल म्हणतात. चाचांनी मान हलवली. “याचा ट्रान्सफॉर्मरच न्हाई बेटा. वायरबी न्हाई. चोरानं बराबर तेच काढून नेलं बघ, त्यात तांबं असतंय.” ते म्हणाले, तकलीफ काही नाही, दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवू, वायर जोडू, लाइटवर लावू, मग कुठे काय जळतंय ते आपोआप दिसेल.

मी थांबा म्हटलं. शहाणपणा म्हणून नाही; रेडिओ कोणता आहे तेच कळलं नसताना त्याला लाइटवर लावायचं मला पटेना. नळ्यांवर काहीतरी छापलेलं असतं एवढं मी मोबाइलवर वाचलं होतं, पण ते पुसून गेलं होतं. तिथेच असंही वाचलं होतं की काच घासायची नाही, तिच्यावर नुसती तोंडाची वाफ सोडायची. मी एकेक नळी काढून तिच्यावर ‘हाऽऽ’ केलं. पहिल्यांदा काही नाही. मग काच धुरकट झाली आणि त्या धुरकटातून अक्षरं वर आली, अशी जशी पाटी ओली केल्यावर जुनं लिहिलेलं दिसतं: डीके शहाण्णव. दुसरीवर डीएफ, तिसरीवर डीएएफ, चौथीवर डीएल. मी एवढ्या जोरात ओरडले की कामरानच्या हातून कुणाच्यातरी मोबाइलची काच पडली.

जुन्या रेडिओवाल्यांच्या एका गटात मी फोटो टाकले. संध्याकाळी केरळच्या एका काकांनी उत्तर दिलं. पहिलं अक्षर नळीच्या आतल्या तारेचं असतं. डी म्हणजे ती दीड व्होल्टच्या आतली, टॉर्चच्या एका सेलवर पेटणारी. चारही डी, म्हणजे हा लाइटचा रेडिओच नाही. हा कोरड्या बॅटरीचा रेडिओ. त्याला विजेची वायर कधी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितलं. त्यांच्या शिकायच्या काळात ट्रान्झिस्टर आले होते. बॅटरीवर चालणारे वॉल त्यांनी हाताळलेच नव्हते. मग त्यांनी आकाशाकडे हात जोडले. “चोरा, माफ कर रे बाबा. फुकट तुझं नाव घेतलं.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “काल वायर जोडली असती तर चारीच्या चारी गेल्या असत्या एका झटक्यात.”

मीही तोच विचार करत होते. आजोबांनी रेडिओ लाइटला लावला होता हे सगळ्या खानदानाला माहीत. मग त्या चार नळ्या तेव्हाच जळायला हव्या होत्या. चाचांनी मीटर काढला, दोन टोकं नळीच्या पायांना लावली. मीटर वाजला. दुसरी वाजली. तिसरीही, चौथीही.

“चारी जिवंत,” चाचा म्हणाले. “मंग जळलं काय?”

जळलेलं मागच्या बाजूला सापडलं. तिथे पट्टीवर दोन भोकं होती. एकाखाली इंग्रजीतला ए, दुसऱ्याखाली ई. त्यांच्याभोवती पट्टी तपकिरी होऊन वितळली होती आणि आत केसासारख्या बारीक तारेची एक गुंडाळी काळी पडून तुटली होती. ए म्हणजे एरियल, लिंबावर बांधलेली तार जिथे अडकवायची ती जागा. ई म्हणजे अर्थ, ओल्या मातीत पुरलेली तार जिथे अडकवायची ती. विजेचा झटका आला तो फक्त त्या गुंडाळीला. नळ्यांपर्यंत काही पोचलंच नाही.

मी सायकल अशी हाणली की हळदीच्या ढिगावर जाता जाता वाचले. मला वाटत होतं मी आजोबांसाठी कोर्टातून निकालच घेऊन चालले आहे. निर्दोष.

ते गोठ्यापाशी दोर वळत बसले होते. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. तुमी रेडिओ जाळलाच न्हाई आजोबा, चारही नळ्या जिवंत हायेत, तो लाइटचा नव्हताच, बॅटरीचा होता, हे बघा फोटो, हे बघा ए, हे बघा ई. ते पहिल्यांदाच उठून गेले नाहीत. मोबाइल हातात घेऊन त्यांनी त्या दोन भोकांकडे बघितलं, बराच वेळ.

मग त्यांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात हट्ट्याला त्यांच्या वस्तीत लाइट आली होती. दाजी पूर्णेला रेल्वेत गँगमन, रुळांच्या कामावर. रेडिओ त्यांनी तिथल्याच एका साहेबाकडून घेतला होता आणि त्याची बॅटरी संपली की ती आणायला लांब जावं लागायचं. बॅटरी संपलीच होती. दाजी म्हणाले, घरात लाइट आली, आता बॅटरी कशाला. वायर आणली. सगळी वस्ती ओट्यावर जमली. घरात इंग्रजी अक्षरं ओळखणारं माणूस एकच, आठवीतला गेनू, म्हणजे आजोबा. दाजींनी त्यालाच पुढे केलं, वाच बरं म्हणाले, कुठं लावायची ते.

“बोर्डाला दोन भोकं,” आजोबा म्हणाले, “आन रेडिओलाबी दोनच. एकावर ए, एकावर ई. पुस्तकात ई फॉर एलिफंट व्हता. पन हत्तीचा तिथं काय संबंध? म्या लई डोकं चालवलं. ई म्हंजे इलेक्ट्रिक. आन ए म्हंजे आकाशवानी.”

मला हसू आवरेना. मी गोठ्याच्या खांबाला धरून हसले. आजोबाही हसायला लागले, खांदे हलवून, आवाज न करता. म्हणाले की त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं, सरकारी माणसासारखं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. मग दोन्ही तारा घातल्या. ठिणगी उडाली, वास सुटला, आणि नव्या नव्या लाइटच्या सगळ्या वस्तीत अंधार झाला. कुणीतरी म्हणालं, शिकिवलं तर घर जाळंल हे पोरगं. सगळे हसले. दाजी पण हसले. तेच हसणं कानात घेऊन ते निघाले. पुढे कुरुंद्याच्या बाजारात कुणी हट्टेकर भेटला की विचारायचा, काय इंजिनेर, आता काय जाळून राहिला?

“मंग,” आजोबांनी मोबाइल मला परत देत विचारलं, “आता बरा व्हायला कितीक येळ लागंल?”

“फार नाही. चाचा म्हणतात, नवी तार गुंडाळायची. अर्ध्या तासाचं काम.”

“तवाबी अर्ध्या तासाचंच असंल,” ते म्हणाले.

त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. वळत मात्र नव्हते, नुसता धरून बसले. मी मोठ्या आनंदाने जे घेऊन आले होते ते त्यांना उपयोगी पडलं नव्हतं. जळालेला रेडिओ त्यांनी पन्नास वर्षं कसाबसा सांभाळला होता. न जळालेला कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

नंतरच्या दिवसांत ते मला तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेले, बहुतेक वेळा मी अभ्यासाला बसले की. पाटबंधारे खात्यात नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट काय घेतली तर ट्रान्झिस्टर. तो पिशवीत घालून हट्ट्याच्या स्टँडवर उतरले. तर समोर हॉटेलाच्या बाकड्यावर दाजी बसलेले, मांडीवर ट्रान्झिस्टर, त्याच कंपनीचा, आणि भोवती पाच-सहा माणसं. दाजींनी घेतला होता तोवर. आजोबा पानटपरीच्या आडोशाला उभे राहिले आणि आली ती गाडी पकडून परत आले. आता न्यायला काहीच उरलं नव्हतं, म्हणाले. मी विचारलं, नुसतंच का नाही गेलात? ते म्हणाले, नुसतं जायचं कसं ते सुचलंच न्हाई.

चाचांनी एका मोडक्या ट्रान्झिस्टरमधून बारीक तार सोडवली आणि चष्म्यावर चष्मा लावून गुंडाळी केली. कागदी कपॅसिटर सगळे वाळून गेले होते, ते बदलले. पूर्वीची मोठी बॅटरी आता कुठेच मिळत नाही, म्हणून केरळच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे नऊ व्होल्टच्या छोट्या बॅटऱ्या एकीला एक अशा जोडून नव्वद व्होल्ट केले, आणि नळ्या पेटवायला टॉर्चचा एक सेल वेगळा. तो सगळा बॅटऱ्यांचा गठ्ठा माझ्या जुन्या जेवणाच्या डब्यात बसवला. चाचांनी डब्यावर खडूने कवटी काढली आणि मला बजावलं की हात लावशील तर तिसरा नंबरबी येणार न्हाई.

बटन फिरवायच्या दिवशी आजोबा आले, पण दुकानाच्या पायरीवरच थांबले. चाचा म्हणाले, वॉलचा रेडिओ हाये, तापायला वेळ घेतो, चहा मागवू. पण हा बॅटरीचा होता, याच्या नळ्या लगेच पेटतात. बटन फिरताच खरखर सुरू झाली, चाचा दचकून मागे सरकले. कामरानने दुकानातली ट्यूब बंद केली तेव्हा खरखर कमी झाली आणि मागून एक बाई बोलायला लागली, लांबून, बहुतेक तेलुगूत. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. तरी आम्ही सगळे मन लावून ऐकत होतो, कामरानची गिऱ्हाइकंसुद्धा.

“याल का हट्ट्याला?” मी पायरीवर जाऊन विचारलं.

“तूच नेऊन दे,” आजोबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “लई जड हाय तुला.”

रविवारी आम्ही निघालो. एसटीत मी म्हटलं वर ठेवू, तर त्यांनी रेडिओ मांडीवरच घेतला. वसमतपर्यंत कंडक्टर दोनदा त्याच्यावर आदळला. आजोबांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, आणि त्याच्यावर लाकडाचा भुसा पडत होता. मी त्यांना बोलायची तयारी करून देत होते, पहिलं काय म्हणायचं, मग काय, जशी प्रदर्शनाआधी सरांनी मला करून दिली होती. ते हो-हो म्हणत होते. हट्ट्याचं स्टँड आलं तेव्हा म्हणाले, “ते पयलं काय व्हतं, पुन्यांदा सांग.”

निलम आम्हाला घ्यायला आली होती. घर आता सिमेंटचं आहे, पण पुढचा ओटा तोच, असं आजोबा म्हणाले. ओट्यावर बाजेवर सोजराबाई बसल्या होत्या. बारीक, ताठ, पांढरं पातळ, कपाळावर हात धरून उन्हातून कोण येतंय ते बघत होत्या. आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं. आजोबा पायरीपाशी थांबले, रेडिओ दोन्ही हातांत.

“जय भीम, आक्का.”

“जय भीम. या,” त्या म्हणाल्या. “बसा.”

आजोबा ओट्याच्या कडेला बसले. मला मात्र सोजराबाईंनी जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला, म्हणाल्या, “ये गं पोरी. तूच ती बोलणारी व्हय?” झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. मी डबा जोडला, तार खिडकीच्या गजाला बांधली आणि रेडिओ लावला. एक स्टेशन सापडलं, हिंदी, शेतीचं काहीतरी. मी सगळी कहाणी सांगितली: वाफ, डी, नळ्या, ए आणि ई. आकाशवाणी आणि इलेक्ट्रिकपाशी निलम हसून खाली बसली. सोजराबाई हसल्या नाहीत. त्या ऐकत होत्या, आणि मधूनमधून रेडिओकडे नाही, आजोबांच्या पायांकडे बघत होत्या.

“चांगला लागला,” त्या शेवटी म्हणाल्या. “बारीक कर थोडा.”

मग ‘जय भीम’नंतर आजोबा पहिल्यांदा बोलले. मी बसमध्ये घोकून घेतलेलं त्यांच्या काही लक्षात राहिलं नव्हतं. दाजींचं लई नुकसान केलं म्या, एवढंच म्हणाले. दाजी कधी राग विसरले न्हाईत, आन माझं तोंड झालं न्हाई.

“राग?” सोजराबाई म्हणाल्या. “रेडिओ जळला म्हनून कोन भावाला टाकतं का? ते आठ दिस हसत व्हते, मंग आठ दिस रडकुंडीला आले. म्हनायचे, म्याच लेकराला पुढं केलं, म्याच वाचाया लावलं, आन लोकायसंगं म्याच हसलो. तुमी याल, तुमी याल म्हनून त्यायनं तो माळ्यावर ठिवला. म्हनायचे, तो आला की त्याच्याच हातून बरा करून घेऊ, नांदेडला नेऊ दोघं मिळून.”

आजोबांनी शर्टावरचा भुसा झटकला.

“तुमी आले न्हाई. मंग तुमाला नोकरी लागल्याचं कळलं. मला वाटलं, शिकले, सायेब झाले, आता गँगमनच्या घरी यायची लाज वाटत असंल. म्हनून म्याबी आले न्हाई कुरुंद्याला. कशाला कुनाला लाजवायचं.”

“लाज व्हती,” आजोबा म्हणाले. “पन ती माझी व्हती, आक्का. तुझी न्हाई.”

तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. आजोबा त्यांना ‘तू’ म्हणत होते, जसं आमच्याकडे सगळेच बहिणीला म्हणतात. त्या त्यांना ‘तुमी’ म्हणत होत्या. आल्यापासून. मला ‘तू’, निलमला ‘तू’, दारातून गेलेल्या शेळीलाही ‘तू’. आणि ज्याला कडेवर घेऊन त्या या घरात आल्या, त्याला ‘तुमी’. मला वाटलं रागाने म्हणत असतील, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता. पाहुण्यांशी बोलतात तसंच नीट, सांभाळून बोलत होत्या.

जेवायला त्यांनी पिठलं केलं होतं, आजोबांना लहानपणी आवडायचं तसं, लसूण वरून घालून. ते त्यांना आठवत होतं. पण ताटं मांडली तेव्हा त्या निलमला म्हणाल्या, “आधी पाव्हण्यायला वाढ.” आजोबांनी भाकरी मोडली आणि हात ताटातच ठेवला.

“आक्का, मला तुमी काहून म्हन्ती?”

सोजराबाई थांबल्या. त्यांनाही ते आत्ताच ऐकू आलं असावं.

“म्हनले व्हय? ध्यानात न्हाई आलं.” त्यांनी पदर सारखा केला. मग ओठ हलवून बघितले, जणू एखादा खडा जिभेवर फिरवून बघत आहेत. “जीभच वळंना,” त्या हळू म्हणाल्या. “सवय ऱ्हायली न्हाई आता.”

आजोबांनी मान हलवली, व्हय म्हणाले, आणि जेवायला लागले. सगळं जेवले. दोनदा पिठलं घेतलं. रेडिओ बाजूला बारीक आवाजात कापसावरच्या बोंडअळीबद्दल सांगत होता, आणि मला तो उठून बंद करावासा वाटत होता. मी हे करायला आले होते का? मला वाटलं होतं नळ्या जिवंत आहेत म्हणजे सगळंच जिवंत असेल, एक तार तेवढी गुंडाळायची. पण या घरात तुटलेलं होतं ते मीटरवर दाखवता येण्यासारखं नव्हतं, आणि चाचांच्या टेबलावर नेण्यासारखंही नव्हतं.

दुपारच्या गाडीला निघताना रेडिओ तिथेच राहिला. सोजराबाई काठी टेकत पायरीपर्यंत आल्या. आजोबा त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी वाकू दिलं नाही, हात धरले. बराच वेळ धरून ठेवले. पुढच्या रविवारी येतो, आजोबा म्हणाले. सोजराबाईंनी मान हलवली.

आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा त्यांनी मागून आवाज दिला.

“सांभाळून जा रे.” आणि लगेच, घाईने, “जावा. सांभाळून जावा.”

समोरून ट्रॅक्टर येत होता, त्यात गाणी लावलेली. आजोबा मागे वळले आणि त्यांनी हात वर केला. त्यांनी दोन्ही ऐकलं की नुसतं दुसरं, ते मला कळलं नाही, आणि विचारायला माझी जीभ वळली नाही.